आमच्या साडूंची प्रश्नावली

माणसाच्या मनाबद्दल जगाच्या पाठीवर कुठेही काही नवीन निघालं, की ते आधी ग्वाल्हेरला येतं, आणि स्टेशनाजवळच्या पडावला क्षणभरही न टेकता थेट कंपू मोहल्ल्यात आमच्या साडूंच्या दवाखान्यात उतरतं, असा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं लिहिलेलं आहे, पण ते म्हणायच्या भानगडीत कोणी पडत नाही. सगळं कंपू त्यांना ‘दिमाग वाले डॉक्टर साहब’ म्हणतं. साडू प्रत्येकाला थांबवून सांगतात, “दिमाग नहीं भैया, मन.” तो भैया नम्रपणे मान हलवतो आणि पुढच्या माणसाला पत्ता सांगताना पुन्हा कपाळावर बोट ठेवतो.

माझा टोपी बाजारात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची पत्रकं असला माल. साडूंच्या प्रश्नावल्याही मीच छापतो, त्यामुळे मानसशास्त्र कुठून कुठे गेलं हे एखाद्या प्राध्यापकाला ठाऊक नसेल इतकं मला ठाऊक आहे. आधी माणसाच्या सगळ्या दुःखांचं खापर त्याच्या बालपणावर फुटत असे. तेव्हा नऊ पानी फॉर्म होता आणि त्यात आईवर तीन पानं होती. मग बालपण मागे पडलं आणि सवयींचे तक्ते आले. मग तक्ते गेले, श्वास आला. मग कृतज्ञता आली, मेंदूचे रंगीत फोटो आले, फोनवरचे उपचार आले. हल्ली साडू एका यंत्राशी गप्पा मारतात आणि ते यंत्र पेशंटशी सहानुभूतीने बोलतं की नाही याचे गुण देतात. दर वेळी ते दुकानाची पायरी चढतानाच सांगत, “भाऊसाहेब, जुना गठ्ठा फेकून द्या. रिसर्च बदललं आहे.” जुन्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूंवर मी इतकी वर्षं प्रूफं काढतो आहे. कितीतरी लग्नपत्रिकांची पहिली प्रूफं ‘तुम्हाला जगणं व्यर्थ वाटतं का?’ या प्रश्नाच्या पाठीवर निघाली आहेत आणि एकाही वधूपित्याने तक्रार केलेली नाही.

नवं जे काही येई ते आधी नातेवाइकांवर करून बघायचं, असा त्यांचा खाक्या. श्वासाचं पर्व चालू असताना एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सबंध ओळीला एकेक बेदाणा हातात घ्यायला लावला. तो डोळे भरून बघायचा, त्याच्या सुरकुत्या अनुभवायच्या, वास घ्यायचा, आणि सुमारे पाच मिनिटांनी तोंडात टाकायचा. त्या पाच मिनिटांत श्रीखंड आमच्या ओळीवरून पुढे निघून गेलं ते परत आलंच नाही. कृतज्ञतेच्या दिवसांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाला एकेक वही दिली; रोज निजायच्या आधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. आमच्या मेहुणीच्या वहीत सोमवारी लिहिलेलं सापडलं, ‘आज हे उशिरा आले.’ मंगळवारी, ‘आजही हे उशिरा आले.’ बुधवारी तिने दोन दिवसांचं एकदमच आटोपलं होतं. साडूंनी त्यातून, पत्नीच्या लेखनात सातत्य आहे, एवढाच निष्कर्ष काढला.

पेशंटांच्या तर नाकी नऊ येत. झोप येत नाही म्हणून पडावचा एक ट्रान्सपोर्टवाला त्यांच्याकडे आला. त्याला आधी सात पानांचा फॉर्म दिला. चौथ्या पानावर तो बाकावरच डाराडूर झोपला. जागा झाल्यावर त्याने साडूंच्या पायांना हात लावला आणि उरलेली तीन पानं मागून घेऊन घरी नेली. साडूंनी हे ‘परिणामकारक’ या रकान्यात लिहिलं. त्यांच्याकडे मदतीला भिंडची एक मुलगी आहे, नुकतीच शिकून आलेली. तिच्याबद्दल त्यांची तक्रार ठरलेली: “काही वाचत नाही ती. नुसती पेशंटजवळ बसते. मी विचारलं, कुठल्या पद्धतीने बसतेस? म्हणते, सर, कुर्सी पे.”

पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. वृद्धांचं नैराश्य मोजायची मराठी प्रश्नावली पुण्याकडची. ती इथल्या माणसांना जशीच्या तशी लागू पडणार नाही, तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांसाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार करायची. बारा वर्षं ते याच्यामागे होते. त्यासाठी साठीच्या वरची मराठी माणसं हवी होती आणि ती दरवर्षी कमी होत होती. त्यामुळे कुठल्याही समारंभात साडूंची नजर पांढऱ्या डोक्यांवरून फिरत असे. ती नजर आपल्या आरोग्यावर नसून वयावर आहे, हे कळायला लोकांना वेळ लागे. माणसांना ते ‘नमुना’ म्हणत. शास्त्रात म्हणतात तसं, पण ते चारचौघांत म्हणत. आमच्या सासूबाईंच्या समोरच्या घरातल्या काकू गेल्या तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. काकू आणि सासूबाई चाळीस वर्षं रोज दुपारी एकमेकींच्या ओट्यावर बसत. घर माणसांनी भरलेलं होतं. साडूंनी उसासा टाकला आणि म्हणाले, “फार चांगला नमुना होता.” मी त्यांचा पाय दाबला. सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा पदर सारखा केला.

आता ही माणसं गोळा कशी केली, तर सगळी बायकोच्या माहेरची. साडू स्वतः इंदूरचे. इथे त्यांना जी मराठी घरं ठाऊक, ती सासुरवाडीची. म्हणजे ज्या ज्या घरी ते फॉर्म घेऊन जात, त्या त्या घरी जावई येत असे. आणि आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत जावयासमोर रडगाणं गात नाहीत. पूर्वज दरबारी होते, तो रुबाब केव्हाच गेला, पण तब्येत विचारली की ‘उत्तम’ म्हणायचं, एवढा मात्र शिल्लक आहे. साडू दारात दिसले की आतून भजी तळल्याचा वास येई. ते विचारत, “हल्ली एकटं वाटतं का?” उत्तर येई, “छे, मजेत आहे. तुम्ही आणखी दोन घ्या ना, गरम आहेत.” अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका काकांनीही ‘कधीच नाही’ या रकान्यात सगळीकडे डाव्या हाताने खुणा केल्या. साडूंचं वजन वाढत गेलं आणि नैराश्याचा आकडा शून्यापाशी अडून राहिला. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट एक दिवस डोळे चमकवत दुकानात आले: “भाऊसाहेब, इतकं सुखी म्हातारपण कोणी बघितलेलं नाही. हा पेपर गाजणार.” मानसशास्त्राच्या एका परिषदेने तो स्वीकारलाही. सुखी वृद्धांची तेव्हा फॅशन होती म्हणे.

त्याच सुमारास मला सासूबाईंची काळजी वाटू लागली. छापखान्यात जाताना मी रोज त्यांच्याकडे डोकावतो. काकू गेल्यापासून त्यांचा दुपारचा ओटा सुटला होता. डाळ कुकरात तशीच राहू लागली. मुख्य म्हणजे दूधवाल्याला त्या काही बोलेनाशा झाल्या. सकाळी साताला त्या दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत, त्यावर गल्ली घड्याळ लावत असे. आता तो पाण्यासारखं दूध मुकाट ओतून जाई. बायको आणि मेहुणी जाऊन बसल्या, तर त्यांनाही ‘उत्तम’. मी साडूंना सांगितलं. त्यांनी फाईल काढली. “आईंचा स्कोअर शून्य आहे.”

“डॉक्टर, त्या जेवत नाहीत.”

“फॉर्मात भूक चांगली लिहिली आहे.”

पंचवीस वर्षांत मी त्यांच्यावर पहिल्यांदा तडकलो. म्हणालो, “तुमचा फॉर्म जेवतो, त्या नाही. त्या खलास होतील आणि तुम्ही म्हणाल, चांगला नमुना होता.” ते फाईल मिटून उठून गेले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी ते आले, हातात एक पान. परिषदेच्या कुठल्याशा परीक्षकाने पेपरावर शेरा मारला होता की माणसं खरं सांगताहेत की नाही हे आधी बघा. म्हणून खोटं पकडणारी पाच वाक्यं जोडायची होती. ‘मला आयुष्यात कधीही राग आलेला नाही.’ ‘मी कोणाच्या पाठीमागे कधीही वाईट बोललेलो नाही.’ अशी वाक्यं. कोणीही शहाणा माणूस यांना हो म्हणणार नाही, आणि म्हटलं तर त्याचा सगळा फॉर्मच बाद. मी मुकाट्याने छापून दिली. महिनाभर ते घरोघर हिंडले, पुन्हा भजी खाल्ली आणि पुन्हा दुकानात आले. स्टुलावर बसून त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांनी पाचही वाक्यांना ‘हो’ म्हटलं होतं. ग्वाल्हेरात कोणालाही कधी राग आलेला नव्हता. सर्वांत वर सासूबाईंचा फॉर्म होता, वळणदार सहीसकट.

“सकाळी फिरायला जाताना मी सातला त्यांचा आवाज किती वर्षं ऐकला आहे, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “आणि बंद झाला हे मला कळलं नाही.”

त्यांनी परिषदेला जायचं नाव काढलं नाही. पाच वाक्यं गुपचूप वगळून पेपर वाचता आला असता. टाळ्या मिळाल्या असत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी स्वतः हेच केलेलं असतं. तिथे त्यांना खोडायला कोण जाणार होतं. त्यांनी माझ्याच दुकानातून पेपर मागे घेत असल्याचं परिषदेला कळवलं. मग सासूबाईंकडे गेले आणि फॉर्म न घेता नुसतं विचारलं, “आई, कशा आहात?” सासूबाई म्हणाल्या, “उत्तम. बसा, पोहे टाकते.” पोहे खाऊन ते परत आले. घरच्या माणसाने घरच्यावर उपचार करायचे नाहीत, हा त्यांच्या धंद्याचा नियमच आहे. त्यात जावयाने तर मुळीच नाही. मग त्यांनी जे केलं त्याला कुठल्याही रिसर्चचा आधार नव्हता. त्यांनी भिंडच्या मुलीला बोलावलं आणि म्हणाले, “तुम जाओ. बस, बैठ जाना.” सासूबाईंना मेहुणीने सांगितलं, दवाखान्यातली मुलगी येईल, नको असेल तर परत पाठवा. सासूबाई म्हणाल्या, “येऊ दे, चहा पिऊन जाईल.”

मुलीला त्यांच्या दारात सोडायला आम्ही दोघंही गेलो. ती आत गेली आणि आम्ही गाडीकडे वळलो तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. आमच्याशी, मुलींशी, देवाशीसुद्धा त्या पहिल्या दिवसापासून मराठीतच बोलतात, स्वच्छ, घासूनपुसून. आता त्या दूधवाल्याच्या हिंदीत बोलत होत्या. “किससे कहें, बेटी? दो दामाद हैं, दोनों भले हैं। दामाद से कोई कहता है क्या?” आणि मग आवाज फुटला.

मी जागीच उभा राहिलो. साडूंनी माझी बाही धरली आणि मला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ओढत नेलं. “ऐकायचं नाही,” ते म्हणाले. “ते त्यांचं आहे.” ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाच्या मनाची पानं भरून घेतली, तो खिडकीपासून पळाला, हे मला फार आवडलं. चहा आला, तो निवला. ते म्हणाले, “त्या दिवशी मी काकूंना नमुना म्हणालो होतो. आईंनी ऐकलं होतं ना?” मी हो म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मग म्हणाले, “बारा वर्षं मी प्रश्न शुद्ध मराठीत करत बसलो. आपली माणसं मराठीत अब्रू सांभाळतात. रडतात ती हिंदीत.” मुलगी दोन तासांनी बाहेर आली. साडूंनी तिला काहीही विचारलं नाही, फक्त पुढच्या आठवड्यात येशील का, एवढंच.

ती अजून जाते. दोन महिन्यांनी मी डोकावलो, तर दूधवाला बादली खाली ठेवून मान घालून उभा होता आणि त्याची तिसरी पिढी चालू होती. मी तिथूनच साडूंना फोन लावून नुसता त्या दिशेला धरला. पलीकडून त्यांनी चौथी पिढी सुरू होईपर्यंत ऐकलं, आणि मग फोन बंद झाला.

परवा दुपारी ते दुकानात आले. हातात नवीन पान नव्हतं. जुन्या स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. मी एका पत्रिकेचं प्रूफ बघत होतो, ते त्यांच्याच फॉर्माच्या पाठीवर निघालं होतं. सहज उलटं केलं आणि चेष्टेने पहिला प्रश्न वाचला, “गेल्या पंधरा दिवसांत आपलं मन कशातच रमत नाही, असं झालं का?”

“छे,” ते म्हणाले. “उत्तम.”

मी पुन्हा प्रूफात डोकं घातलं. मशीन चालू होतं. जरा वेळाने त्यांचा आवाज आला, रस्त्याकडे तोंड करूनच.

“सच बताऊँ? मन नहीं लगता, यार.”

पंचवीस वर्षांत ते मला भाऊसाहेबांखेरीज काही म्हणाले नव्हते. मी मशीन बंद केलं आणि माझं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.