उलटी बदकं आणि कुत्र्याच्या कानाची कॉलर

दोष नानांचा. आधीच सांगून टाकतो. आमच्याकडं थोरल्यांचा दोष शेवटी सांगायची पद्धत आहे, आणि तोवर ऐकणारे जेवायला उठून जातात.

नाना म्हणजे माझे चुलते. उंब्रजला त्यांचं टेलरिंगचं दुकान. डिप्लोमा अर्ध्यात सोडून मी तिथं बसायला लागलो. टेलरच्या दुकानात चिंध्या आणि किस्से दोन्ही टेबलाखाली साठतात. चिंध्या काकू पोत्यात भरून नेते. किस्से कोणी नेत नाही. म्हणून हे घ्या.

*

नानांनी जन्मभर युनिफॉर्म शिवले. पोलिसांचे, वॉचमनचे, शाळेच्या पोरांचे. हात इतका बसलाय की कुठलाही शर्ट शिवला तरी खांद्याला पट्ट्या आणि खिशाला झाकण आपोआप येतं!

वाईच्या एका नवरदेवानं लग्नाचा शर्ट आमच्याकडं टाकला. व्हायचं तेच झालं. मांडवात नवरीच्या आज्यानं, रिटायर्ड हवालदारानं, उठून त्याला कडक सॅल्यूट ठोकला.

"जावईबापू, कुठली पलटण?"

जावईबापू पतसंस्थेत कारकून!

मी नानांना सांगितलं, तर म्हणाले, "मग? सॅल्यूट मिळाला न्हवं? कारकुनाला एरवी कोण ठोकतंय?"

*

एक पोरगं मोबाईल घेऊन आलं. स्क्रीनवर कोणीतरी हिरो, अंगाला चिकटलेला शर्ट. "नाना, सेम असा पायजे."

नानांनी चष्मा लावला. हिरोकडं बघितलं, पोराकडं बघितलं, पोराच्या पोटाकडं जरा जास्तच बघितलं.

"शर्ट शिवतो रं. आधी असा माणूस घिऊन ये."

पोरगं गेलं. आमच्याकडं गिऱ्हाईक का टिकत नाही, यावर नाना नंतर तासभर बोलले. दोष ऑनलाइनचा निघाला.

*

आता माझं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतनं सुभेदार होऊन आले. घरात अजून कवायतच चालते. मी कॉलेज सोडल्यावर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले, आणि बोलले तेव्हा थेट ऑर्डर निघाली.

"यात्रंपतोर एक शर्ट तू सोता कापायचा, सोता शिवायचा. त्यो बघून बाहेरचा एक माणूस म्हणला पायजे, मला असाच पायजे. दोस्त न्हाईत, पाव्हणं न्हाईत. म्हणला, तर बस दुकानात. न्हाई म्हणला, तर सोमवारी कॉलेज."

"डन," मी म्हणालो.

डन म्हणायला काय जातंय! नानांनी तोवर मला कात्रीला बोटही लावू दिलं नव्हतं. काज, बटन आणि चहा, एवढंच खातं माझ्याकडं होतं.

*

युनिफॉर्म करून यात्रेत कोणी वळून बघत नाही. म्हणून मी माळ्यावर चढलो. तिथं नानांच्या उस्तादाची खाकी कागदाची जुनी कटिंगं होती. कागद कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं, कापायचं. त्यात एका शर्टाची कॉलर कुत्र्याच्या लोंबत्या कानाएवढी! मागच्या भागाच्या कागदावर काकूनं कधीतरी पापड वाळवलेले, त्याचे तेलकट गोल.

नाना एकदम हळवे झाले. "ही कॉलर घालून आमी यात्रंत निघालो की पोरी वळून बघायच्या."

आतनं काकू ओरडली, "बघायच्या, मग पळायच्या! मी तेवढी घावली."

*

कापड आणायला सांगलीला गेलो. पट्टे, चौकडी, फुलं, सगळं बघून झालं. मग खालच्या फळीवर दिसलं, पिवळ्या कापडावर छत्री घेतलेली बदकं! ओळीनं, ऐटीत, पायात गमबूट. ठरलं.

दुकानदारानं मोजताना प्रेमानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"बाळ नाही. मलाच घालायचंय."

तो थांबला. माझ्या दाढीकडं बघितलं. मग जसं काही ऐकलंच नाही, असं म्हणाला, "कापड मऊ आहे, दुपट्याला बेस्ट." आणि पिशवीत एक टोपडं फ्री टाकलं.

*

पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, सगळं मी कापलं. मन लावून कापलं. पाठ तेवढी राहिली, आणि मी चहा आणायला गेलो. एवढीच माझी चूक, आणि चहासुद्धा नानांनीच सांगितलेला!

परत येतो तर पाठ कापून तयार. नाना खूश. "कागद उलटा फिरवून बसीवला. हातभर कापड वाचलं."

"नाना, बदकं डोक्यावर उभी आहेत!"

नानांनी उचलून बघितलं. जन्मभर खाकी कापलेला माणूस. खाकी कुठनंही कापा, खाकीच.

"कापडाला डोकं-पाय कवापासनं आलं रं?" मग जरा विचार करून म्हणाले, "बदक हाय. बुडी मारतंय. निसर्ग हाय."

दुसरं कापड आणायला वेळ नव्हता, म्हणून शर्ट तसाच शिवला. वाचलेल्या हातभराचं नानांनी काय केलं? इस्त्री पुसायचं फडकं!

घरी आबांनी इन्स्पेक्शन केलं. माझ्याभोवती एक चक्कर. "मागची उलटी का?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "पोरगं हाय. शिकतंय."

आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवला. उलट्या बदकांवरनं!

*

यात्रेत लोकांनी वळून बघितलं. नानांनी सांगितल्याप्रमाणेच, काकूच्या पळण्यासकट. पोरं मागनं क्वॅक क्वॅक करत होती. दिवस उतरत आला तरी बाहेरचा एक माणूस "मला पायजे" म्हणायला तयार नाही. आबा उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, नाना त्यांच्या शेजारी, आणि आबांच्या तोंडावर सोमवार दिसायला लागलेला.

तेवढ्यात कोणीतरी मागनं माझा शर्ट चिमटीत धरला. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, पांढऱ्या मिशा. पूर्वेकडचे मेंढरंवाले मामा. त्यांनी कापड चोळून बघितलं. पुढं येऊन बघितलं. परत मागं गेले आणि बराच वेळ तिथंच थांबले.

"कुणी शिवला?"

"मी, मामा."

"मला असाच पायजे. माज्याच मापाचा."

आबांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या कानात ढोल वाजायला लागले. मी म्हणालो, "देतो की मामा! आणि मागची बदकं सरळ करून देतो."

"सरळ केलीस तर घ्यायाचा न्हाई. उलटीच पायजेत."

"का हो?"

"तुला काय करायचंय?"

एवढंच. माप द्यायला हात पसरून उभे राहिले. मी टेप काढतोय, तोवर नाना गर्दीतनं वाट काढत पुढं. छाती बाहेर, टोपी सरळ.

"आवं, ती पाठ म्या कापलीया! ह्यानं न्हाई. ह्यो चा आणाया गेलता."

मामा माझ्याकडनं वळले आणि नानांपुढं हात पसरून उभे राहिले.

आबा आले. घोंगड्याकडं बघितलं, नानांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"गिऱ्हाईक पाठीवर आलं," आबा म्हणाले. "पाठ तुजी न्हाई."

सोमवारी मी कॉलेजात परत नाव घातलं. माझं एक वर्ष गेलं.