आकारामचं सुदानी गाणं

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आकाराम गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून द्यायचा. समोर काढायचा म्हणून त्यात पाणी नसायचं. घरपोच रतिबाचं मी शपथेवर सांगणार नाही.

सत्त्याण्णव साली एका सकाळी ओस्मान आला. सुदानहून शिकायला आलेला ताडमाड पोरगा. ग्लास एका दमात संपवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैं निकालू दूध?"

"पावणं, लाथ घालंल की!" आकाराम ओरडला. सगळा कट्टा हसला.

ओस्माननं म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि काहीतरी गुणगुणायला लागला. म्हशीनं पान्हा सोडला. आमची तोंडं उघडीच!

मग तो रोज यायला लागला. आकारामला मूलबाळ नव्हतं. 'पावणं'चं 'लेका' कधी झालं, त्यालाही कळलं नाही. "शिक्षण झालं की हितंच ऱ्हा. दोन म्हशी तुझ्या," म्हणायचा. ओस्मान नुसता हसायचा. तेवढ्या हसण्यावर या बाबानं गोठ्याशेजारची खोली सारवून ठेवली.

त्याच सुमारास राजशेखर नावाचे एक प्राध्यापक परदेशी पोरं कोल्हापुरात किती रुळली ते मोजत होते. प्रश्न विचारायचे, गुण द्यायचे. बोली, तिखट, शेजारपाजार, सगळ्यात ओस्मान पहिला. आकारामनं पेढे वाटले. "आमचा झाला! सायबच म्हणालेत."

"बारसं कधी घालतोस?" मी विचारलं.

शेवटचा प्रश्न विचारायला राजशेखर कट्ट्यावरच आले. "सगळ्यात घरच्यासारखं कुठं वाटतं?"

"हितं," ओस्मान म्हशीवर हात ठेवून म्हणाला. आकाराम फुलला. ओस्मान पुढं म्हणाला, "डोळं मिटलं की आईच्या गाईंजवळ असतोय. ती धार काढताना असंच गाती. म्हणून तर रोज येतोय."

आकारामनं हातातली दुधाची चरवी खाली ठेवली. त्यानं विचारलं, "आई वाट बघत असंल न्हवं?"

"व्हय."

परीक्षा झाल्यावर आकारामनंच त्याला स्टेशनवर सोडलं. खोलीचा विषय काढला नाही. एवढंच म्हणाला, "ते गाणं शिकवून जा. म्हस हटून बसली तर काय करू?"

म्हस कसली हटते! ती बया कुणालाही दूध द्यायची. पण आकाराम अजून तिच्या पणतीच्या कुशीला कपाळ टेकून ते गाणं म्हणतो. शब्द सगळे चुकत असणार.

परवा मी चेष्टेनं विचारलं, "काय आकाराम, सुदानला गेलतास व्हय?"

"थांब की," डोळे न उघडता तो म्हणाला, "अजून पोचलो न्हाय."