तिकडं किती वाजले, सर?

भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. नोकरीत असताना त्या विषयाला कुत्रं विचारत नव्हतं. निवृत्त झालो, सिडकोतल्या अर्ध्या घरांतली पोरं परदेशी गेली आणि अचानक माझा भाव वधारला! सकाळी दूध आणायला निघालो की कुणीतरी फाटकातून विचारतंच, "सर, आता तिकडं किती वाजले असतील?" असे किस्से साठून साठून डोक्यात जागा उरलेली नाही. पण बाकी सगळ्यांचे एका पारड्यात टाकले तरी शेजारच्या नानांचं पारडं जड भरेल.

नाना वैजापूरचे. शेती, शिवाय कांद्याचा व्यापार. आता सगळं धाकट्या भावावर सोपवून इथं राहायला आलेले. घरात शोभाताई आणि मुलगी केतकी. ती इथल्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मैत्रिणीच्या लग्नात तिची अनिकेतशी ओळख झाली. मुलगा कॅलिफोर्नियात, आईवडील नाशिकला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, नाशिककरांनी होकार कळवला, शोभाताईंची तर मनातल्या मनात साड्यांची खरेदीही उरकली. अडलं होतं ते नानांच्या होकारावर. त्यांचं एकच म्हणणं, "पोराशी तोंडानं बोलल्याबिगर मी काय सांगणार नाय."

बोलणं व्हिडिओ कॉलवर होणार होतं. त्यांच्याकडची रीत अशी की बोलण्यांची वेळ मुलीच्या बापाने ठरवायची, पोरांनी मध्ये पडायचं नाही. म्हणजे वेळ ठरवणार नाना आणि हिशोब करून देणार मी. माझ्या रक्तदाबाची गोळी तेव्हापासूनची आहे.

*

पहिला कॉल रविवारी सकाळी आठला ठरला. मी नानांना दोनदा बजावलं की हे आठ अनिकेतचे, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असेल. नानांनी मान डोलावली.

आणि रविवारी सकाळी, आपल्या आठला, इस्त्रीचा सदरा घालून त्यांनी फोन लावला! तिकडे शनिवारची संध्याकाळ. अनिकेत नुकताच जॉगिंग करून आलेला, बनियनवर, घामाने निथळत होता. नानांनी त्याला एकदा वरून खालून न्याहाळलं आणि फोन बंद केला.

काय झालं म्हणून विचारायला गेलो तर म्हणाले, "सर, रविवार असून पोराची अंघोळ झालेली नाय."

*

दुसऱ्या खेपेला दिवस बरोबर, वेळ बरोबर. पण नानांच्या बैठकीतलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. वैजापुरात एसटी चुकू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी ते तसं लावलं होतं. इथे दारातून एसटी जात नाही, तरी ते पुढेच.

नाना त्या घड्याळाप्रमाणे बसले, पाच मिनिटं थांबले आणि मुलगा वक्तशीर नाही म्हणून फोन बंद करून जेवायला उठले. अनिकेत त्याच्या वेळेवर आला, तोवर इकडे दुसरी भाकरी चालू होती. मी म्हटलं, नाना, ते घड्याळ नीट करा हो. तर म्हणाले, वडिलांनी लावलेल्या घड्याळाला आमच्यात कुणी हात लावत नाही.

*

मग त्यांना अर्ध्या तासाने छळलं. म्हणजे त्यांनी मला. "तास समजले, पण वरचा अर्धा कशापायी?"

मी जातिवंत मास्तर. घरून संत्रं नेलं, बॅटरी नेली, पृथ्वी फिरवली, रेखावृत्तं दाखवली, प्रत्येक देश आपली वेळ कशी ठरवतो ते सांगितलं. इतकं मन लावून मी शाळा तपासणीच्या वेळीही शिकवलं नव्हतं. नाना एकाग्र होऊन ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी पृथ्वी हातात घेतली, सोलली आणि निम्म्या फोडी माझ्यासमोर धरल्या.

"घ्या, हा तुमचा अर्धा."

*

मार्चमध्ये अमेरिकेने आपली घड्याळं एक तास पुढे घेतली. दर वर्षी घेतात. मी आधीच जाऊन सांगितलं की आता फरक एका तासाने कमी झाला, त्याप्रमाणे बसा.

नानांचा चेहरा गंभीर झाला. सगळ्या देशाने ठरवून घड्याळ पुढे घ्यायचं आणि पुन्हा मागे आणायचं, हे त्यांना दगाबाजीचं वाटलं. "सर, जिथलं सरकार टायमाला पक्कं नाय, तिथलं पोरगं शब्दाला पक्कं कसं असंल?"

त्या आठवड्याचा कॉल रद्द! मी घरी येऊन थंड पाणी प्यायलो.

*

पुढे त्यांना आठवलं की केतकीच्या मामाला घेतल्याशिवाय बोलणी कशी होणार. मामा ऑस्ट्रेलियात! तिघे एकदम जागे असतील अशी वेळ शोधता शोधता माझी दुपारची झोप गेली. शेवटी निघाली एक, त्यात मामाची मध्यरात्र होती. मामा बिचारा आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि बसल्या जागी झोपला. माइक चालूच. अनिकेत काहीतरी सांगत होता, पण ऐकू येत होतं ते मामाचं घोरणं. केतकी कपाळाला हात लावून बसली.

नाना म्हणाले, मामाची झोप झाली की पुन्हा घेऊ.

*

राहुकाळाचं तर विचारूच नका. शनिवारी रात्री साडेनऊची वेळ मी सुचवली. शोभाताईंनी पंचांग बघून निर्वाळा दिला की राहुकाळ सकाळीच संपलेला असतो. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि माझ्याच तोंडाने बोलून गेलो, "तिकडे तेव्हा सकाळचे नऊ."

नाना तत्काळ म्हणाले, "शनवारी सकाळी नऊ? तिकडं राहुकाळ लागला की!"

आता राहू इथला धरायचा की तिथला, हे कुठल्या भूगोलात लिहिलंय? मी चहा अर्धा टाकून उठलो.

*

मग नाशिकहून निरोप आला. मुलाला दुसरं स्थळ सांगून आलंय, तुमचं काय ते एकदाचं कळवा. त्या दिवशी केतकी माझ्याकडे आली. एरवी हसतखेळत बोलणारी पोर खाली मान घालून म्हणाली, "सर, आता तुम्हीच बसवा त्यांना." मला नानांचा भयंकर राग आला. तसाच त्यांच्याकडे गेलो. कुठलाही हिशोब सांगितला नाही. रविवारी रात्री मी स्वतः येईन, मीच फोन लावीन आणि मामाला झोपू द्या, एवढं सांगून निघालो.

रविवारी मी फोन लावला. अनिकेत अंघोळ करून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून बसला होता. नमस्कार झाले. शोभाताईंनी ख्यालीखुशाली विचारली. नाना नोकरी विचारेनात, घर विचारेनात. मी त्यांना कोपराने ढोसलं.

तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं सांच्याला सातला देवापाशी दिवा लागतो. लहानपणापासून केतकीच लावती. तव्हा तुमच्याकडं किती वाजलेले असतेत?"

अनिकेत बोटं मोजायला लागला. "सात म्हणजे... सकाळचे साडेसात... नाही, आठ..." तो गडबडला. केतकी पुढे सरकली. मीही सवयीने तोंड उघडलं.

"साडेसहा," नाना म्हणाले. ते फोनकडे बघत नव्हते. "आता साडेसहा. हिवाळ्यात घड्याळ मागं घेतेत, तव्हा साडेपाच."

मी नानांकडे बघतच राहिलो. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला.

"झोपंत असंल ती," नाना अनिकेतला म्हणाले. "उठवत जाऊ नको तिला. आम्ही नंतर फोन करू."