भावाच्या नावावर गेलेलं भरीत

तुमच्या हातच्या पदार्थाची वाहवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरात पडली, तर तुम्ही गप्प बसाल का? मी बसले नाही. त्यामुळे घरात मला अजून भांडखोर म्हणतात. म्हणोत.

आमचं शेत अमळनेरजवळ. कपाशीची वेचणी उरकली की थंडीत शेतात भरताची जेवणं सुरू होतात. पांढरट हिरवी, मोठाली वांगी वाळलेल्या कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची. हे काम आमच्याकडे पुरुषांचं. बायकांनी घरी भाकऱ्या थापायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन शेतात न्यायची. वर्षभर चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत, आणि पाहुणे जेवायला येतात त्या दिवशी मात्र स्वयंपाकाचं कौतुक पुरुषांचं!

माझा मोठा भाऊ या कामात नावाजलेला. तो धुळ्याला शिकायला होता. सुटीत यायचा तेव्हा पिशवीत पत्रकं असायची. परदेशी कापड टाका, शिवाशिव सोडा, स्त्रीला माणूस माना. तो ती खळ्यावर उभा राहून वाचायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी तीच पत्रकं चुलीपुढे वाचायचे. त्यांच्या कडा माझ्या हातांच्या पिठाने पांढऱ्या व्हायच्या. माझी मतं, माझा राग, सगळं त्या कागदांतून आलेलं. त्याच्या सायकलीचा मला हेवा वाटे, धुळ्याच्या खोलीचा वाटे, त्या टाळ्यांचा तर फारच. पण सर्वांत जास्त हेवा वाटे तो बडगीपुढे मांडी घालून बसलेल्या भावाचा. बाह्या सरसावलेल्या, मुसळीचा ठोका पडतोय आणि भोवती माणसं वाट पाहत बसलीत. माझ्या भाकऱ्यांची अशी वाट कोणी कधी पाहिली नाही.

एका थंडीत त्याचे मित्र धुळ्याहून आणि जळगावहून आले. भावाने वांगी विस्तवावर टाकली आणि तो मित्रांशी वाद घालत बसला. मी टोपली घेऊन पोचले तेव्हा वांगी एका अंगाने कोळसा व्हायला आली होती. मी ती उलटली.

“भाऊ, आज मुसळी मला दे.”

“हात पोळतील गं तुझे.”

“आणि तव्यावरची भाकरी रोज कोण उलटतं? तुझी पत्रकं?”

मित्र खदखदून हसले. तोही हसला. “बरं बाई, ठेच. मी आलोच एवढं बोलून.” आणि तो पुन्हा वादात शिरला.

मला तेवढंच हवं होतं. वांगी उलटतानाच मी टोपलीतली रताळी गरम फुपाट्यात पुरली होती. वांग्यांबरोबर मिरच्या आणि लसूण भाजून घेतला, आधी तो ठेचला, मग वांगी, मग रताळी. चिंच-गूळ घरूनच पदराआड आणला होता. तो घातला, कांद्याची पात घातली, दाणे तळून वर तेल ओतलं. चव घेतली. आधी तिखट झोंबलं, मग गोडवा आला, शेवटी धूर. असं भरीत भावाने कधी केलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणेल की हे हिने केलं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

पंगत बसली. चष्मेवाला एक मित्र पहिल्या घासालाच थांबला. “अरे, हे काय आहे! तिखट लागतं तोवर गोड लागतं. भाऊसाहेब, आमच्या खाणावळीत येऊन शिकवा हे.”

मी भावाकडे पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं. त्याने घास खाल्ला, त्यालाही नवल वाटलेलं दिसलं, आणि तो म्हणाला, “थंडीची वांगी. आमच्या काळ्या मातीत गोडच उतरतात.”

मी टोपली खाली ठेवली. “माती नव्हे. रताळं आणि गूळ आहे त्यात. भरीत मी केलंय.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग आमचे वडील, आबा, पानावरून मान न उचलता म्हणाले, “बठ्ठं घरनंच शे. तुनं-मानं काय करस, बेटा?” म्हणजे सगळं घरचंच, त्यात तुझं-माझं कसलं!

सगळ्यांना हायसं वाटून ते हसले. चष्मेवाला म्हणाला, “बहीण सभा गाजवील हो तुमची!” माझ्या बोलण्याचं कौतुक झालं, भरताचं कौतुक होतं तिथेच राहिलं.

पुढे पाचोऱ्याला त्यांचं शिबिर होतं. तिथे तेच गोड भरीत हवं म्हणून निरोप आला. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

“ते परवाचं... कसं केलं होतंस?”

“काळ्या मातीला विचार.”

त्याने आपल्या मनाने केलं. गूळ कडकडीत तेलात टाकला, त्याचा पाक झाला आणि भरतात दगड बसले. चष्मेवाला नंतर घरी आला तेव्हा हसत हसत सांगत होता, “दात निघायची पाळी आली. पण माणूस प्रयोग करतो, हे काय थोडं आहे?”

मला आनंद झाला, पण घटकाभरच. मग आतून पेटले. त्याचं भरीत बिघडलं, तेही त्याच्या नावाने बिघडलं! आणि बिघडल्याबद्दलही त्याला शाबासकी! माझं जमलं होतं, ते मात्र घरचं.

भावाला मी ती युक्ती आजवर सांगितलेली नाही. बहिणींनो, तुम्हाला सांगते. गूळ चिंचेच्या कोळात विरघळवा, वांगी-रताळी ठेचून झाल्यावर कालवा आणि तेल सर्वांत शेवटी ओता. या थंडीत शेतात जा, बडगी स्वतःपुढे ओढा आणि करा. पंगतीत कोणी दुसऱ्याला शाबासकी दिली, तर वाढता वाढता थांबा आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणा: हे मी केलं आहे. लोक हसतील. हसू थांबलं की पुन्हा म्हणा.