एक फोन, चौतीस ऑर्डरी

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना तेवढं होत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, ती मराठीतून, म्हणून मराठीतच लिहिते.

काम तसं साधं होतं. आम्हाला ते देणाऱ्या ताई भांडगावच्या. पुण्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायच्या, मग यवतला एका दुकानाच्या वर खोली घेऊन त्यांनी हे सुरू केलं. आम्ही नऊ बायका त्यांच्याकडे. रोज सकाळी ताई आमच्या फोनवर वस्तूंच्या लिंका पाठवायच्या. चादरी, डबे, चपला, साड्या. प्रत्येकीची लिंक वेगळी, लिंकमध्ये त्या बाईची खूण. आम्ही ती आपापल्या ग्रुपवर टाकायची. तिच्यावरून कुणी काही मागवलं की कंपनी ताईंना कमिशन द्यायची आणि ताई आम्हाला.

पहिल्याच दिवशी ताईंनी बजावलं होतं, "स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. कंपनीला चालत नाही." मी ते इतकं पाळलं की एक काळी लोकरीची शाल मला फार आवडली होती, ती रोज उघडून बघायची आणि परत बंद करायची.

आधी सगळा कारभार तोंडी होता. लिंक किती ग्रुपवर टाकली, किती जणींनी विचारलं, हे संध्याकाळी ताईंना सांगायचं. एक खरं सांगायची, एक वाढवून सांगायची. कंपनीचा रिपोर्ट वेगळाच यायचा. दोन्हीचा मेळ लावता लावता ताईंचं डोकं दुखायचं. शेवटी त्यांनी सगळं एका जागी आणलं. लिंक कुणाची, कुठल्या ग्रुपवर गेली, किती फोनवर उघडली, ऑर्डरी किती झाल्या, माघारी किती आल्या, सगळं एकाच तक्त्यात. ते दाखवायला त्यांनी आम्हाला बोलावलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तक्ता लावला.

मी दाराजवळ बसले होते. एकेकीची ओळ ताई वाचत होत्या. माझी आली.

"भाभी. ऑर्डरी चौतीस."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एवढ्या कुणाच्याच नव्हत्या. मी पदर नीट केला.

"लिंक उघडलेले फोन," ताई पुढं वाचायला लागल्या आणि थांबल्या. "एक."

यवतमध्ये पार्लर चालवणारी एक आहे आमच्यात, तिचं तोंड कधी गप नसतं. ती म्हणाली, "एकीनं बघितलं आन् चौतीस जणींनी घेतलं? भाभी, काय मंतर घालता व्हय? आमाला बी शिकवा की!"

सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तक्ता थोडा सरकवला. पत्ता, तोही चौतीस वेळा एकच. माझा.

"कालच कंपनीचा मेल आलाय," ताई हळू म्हणाल्या. "कुठल्या तरी लिंकवरून एकच माणूस स्वतःच सगळं घेतोय म्हणून. कुठली लिंक, ते मला कळत नव्हतं. चार दिवसांत खुलासा द्यायचाय. नाहीतर खातं बंद. खातं एकच हाय, बायांनो. सगळ्यांचं मिळून."

आता कुणी हसत नव्हतं. पार्लरवालीनंही मान खाली घातली. तिच्या दोन पोरींच्या क्लासची फी याच कामावर चालते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"भाभी, खरं काय ते सांगा," ताई म्हणाल्या.

मला सांगता येत होतं. मनात सगळं तयार होतं. पण ओठ हलेनात. मी उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले. खाली आल्यावर कळलं की एक चप्पल माझी नव्हती. परत वर जायची हिंमत झाली नाही.

खरं एवढंच होतं की कासुर्डीत आमच्या गल्लीतल्या बायका स्वतः ऑर्डर करतच नाहीत. दुपारी भांडी झाली की एकेक जण माझ्या ओट्यावर येते. "भाभी, ते डबं दाखवा की." मी माझ्या फोनवर दाखवते, तिला पसंत पडलं की माझ्याच फोनवरून मागवते. पत्ताही माझाच टाकते, कारण माझं घर हायवेला लागून आहे आणि पार्सलवाला आत गल्लीत येत नाही. तो रस्त्यावरूनच ओरडतो, "भाभी, आज कुणाचं?" मी नाव सांगते, तो हसतो. स्वतःसाठी मी एक सुई मागवली नव्हती. पण तक्त्याला माणूस दिसत नाही, फोन दिसतो.

पुढचे दोन दिवस फोन वाजला की मी तो पालथा ठेवायची. कंपनीचा असेल, पोलिसांचा असेल, ताईंनी माझ्या मालकांना सांगितलं असेल. मालक हायवेवरच्या गॅरेजात असतात. ते जेवायला आले की मी त्यांच्या तोंडाकडं बघायची, कळलंय की नाही. त्यांनी विचारलं, बरं नाही का. मी डोकं दुखतंय म्हणाले.

दुपारी बायका येतच होत्या. "भाभी, मला ती निळी चादर." मी म्हणाले, रेंज नाही. दुसरी आली, तिलाही तेच सांगितलं. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "रेंज न्हाई, मग आत्ता फोनवर कुणाचा आवाज येत व्हता?" मी आत निघून गेले.

ताईंना कुणासाठी काय मागवलं ते सांगायचं, एवढंच तर होतं. मी कागद घेऊन बसले. चौतीसच्या चौतीस मला तोंडपाठ होत्या. पहिलं नाव लिहिलं आणि हात थांबला.

त्या माझ्याकडं का येतात? घरात कळू नये म्हणूनही येतात. एकीची चप्पल तुटली तर सासूला सांगायची तिला भीती, म्हणून तिनं गुपचूप मागवली. एक मुलगी आतले कपडे मागवायला आली तेव्हा रडायच्या बेतात होती, गावातल्या दोन्ही दुकानांत माणसं ओळखीची. हे सगळं त्या तक्त्यात जाणार, टीव्हीवर लागणार, पार्लरवाली वाचणार. आणि नाही सांगितलं तर नऊ जणींचं काम जाणार, आणि मी चोर.

मी लिहिलेलं नाव खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं म्हणून तो कागद चुलीत घातला आणि दुसरा घेतला.

"एक बाई. फोन नवऱ्याच्या खिशात असतो. डबे."

"एक म्हातारी. बटणाचा फोन. चादर."

"एक सून. चप्पल. घरात सांगितलेलं नाही."

"एक मुलगी. वस्तू सांगणार नाही."

असं चौतीस वेळा. खाली लिहिलं, माझ्यासाठी काही नाही. तिसऱ्या दिवशी वडापच्या जीपनं यवतला गेले. ताई एकट्याच होत्या. कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि कोपऱ्यात तशीच पडलेली माझी चप्पल बदलून घेतली.

ताईंनी सगळा कागद वाचला. मग म्हणाल्या, "भाभी, असं कंपनी मानणार न्हाई. नावं द्या."

"नाही," मी म्हणाले.

माझाच आवाज ऐकून मी दचकले. ताईही बघत राहिल्या.

"निदान मला तरी?"

"नाही देणार."

मी टेबल धरून उभी होते. ताईंनी मोठा श्वास सोडला आणि कागदाचा फोटो काढला. खुलासा त्यांनी माझ्यासमोर लिहिला आणि मला वाचून दाखवला. बायका स्वतःचा फोन वापरू शकत नाहीत, ही बाई त्यांना मदत करते, नावं खासगी आहेत.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. खातं राहिलं. माझी लिंक बंद झाली आणि चौतीस ऑर्डरींचं कमिशन कंपनीनं दिलं नाही. ताईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हणाले. आठ जणींचं काम वाचलं, तरी त्या दिवशी मी भाकरी तशीच झाकून ठेवली. आता यवतला जाते तेव्हा तक्त्यात माझी ओळ नसते.

बायका अजून येतात. मी अजून मागवून देते. त्यातलं मला काही मिळत नाही, पण फोन वाजला की अजून आधी तो पालथाच ठेवते.

गेल्या महिन्यात एकदा ती शाल उघडली आणि बंद करणार, तेवढ्यात लक्षात आलं. आता माझी लिंकच नाही. म्हणजे नियमही माझ्यासाठी नाही. तरी बोट किती तरी वेळ हवेतच होतं. मागं कुणी उभं नाही ना, म्हणून दोनदा वळून बघितलं. मग दाबलं.

चार दिवसांनी पार्सलवाला रस्त्यावरून ओरडला, "भाभी, आज कुणाचं?"

मी ओट्यावर उभी होते. तो वाट बघत होता. "माझं" म्हणायला मला बराच वेळ लागला.