काटा कुठं हाय?

पडद्यावरचा आकडा वाचण्याआधी काका नखानं पडद्यावर दोनदा टिचकी मारायचे. मग मान मागे घ्यायची, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "काटा कुठं हाय?"

काटा नव्हताच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता, प्रोसेसरचं तापमान दाखवणारा. पण त्यांची सगळी नोकरी तारापूरच्या कारखान्यांमध्ये बॉयलर सांभाळण्यात गेलेली. तिथल्या गोल मीटरचे काटे अडकतात, म्हणून काचेवर टिचकी मारल्याशिवाय बॉयलरवाला काट्यावर विश्वास ठेवत नाही. निवृत्त झाल्यावरही ती टिचकी सुटली नाही. एकदा मला ताप आला होता, तर आकडे दाखवणाऱ्या थर्मामीटरलाही त्यांनी आधी टिचकी मारली आणि मगच वाचला.

बोईसरला स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत आलं की मला बघून विचारतं, "मालक कुठे गेले?" यांनी तसं विचारलं नाही. खांद्यावरची कॉम्प्युटरची पेटी टेबलावर उतरवली, पंच्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "बाय, हा लई तापतो. पन पंखा साफ करू नको."

तुम्हीही आयुष्यात बरीच चक्रम माणसं पाहिली असतील. पण डॉक्टरकडे येऊन औषध देऊ नका म्हणणारा माझ्याकडे आलेला हा पहिलाच.

"मग आणलात कशाला?"

"पोरीनं सांगितलं, दुकानात ने. आनला. आता परत नेतो."

पोर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बायको ती शाळेत असतानाच गेलेली. मुलगी शिकली, सॉफ्टवेअरमध्ये लागली आणि जर्मनीला गेली. जाताना तिनं जुन्या कॉम्प्युटरवर एक सोय करून ठेवली होती. प्रोसेसरच्या पोटात एक सेन्सर असतो. ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम त्याला सारखा विचारत राहतो आणि त्याचं उत्तर आकड्यात आणून देतो. हा आकडा मुलीला तिकडेही दिसायचा. फार वर गेला की तिच्या मोबाईलवर घंटा वाजायची, आणि मग ती बापाला फोन करायची. "बाबा, मशीन तापलंय. पंखा साफ करा."

पुढे तिनं माझा नंबर मिळवला. "ताई, बाबांचं मशीन सारखं तापतं. घरी जाऊन बघाल का?"

गेले. पेटी उघडली. पंखा लख्ख, धुळीचा कणही नाही. मग मला खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पंचा दिसला. हात लावला तर ऊन ऊन होता, इस्त्री केल्यासारखा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"काका, पेटीवर पंचा टाकता?"

"मागनं पन गुंडालतो," ते म्हणाले. "दुपारी टाकायचा. तवा तिकडं सकाल असते, तिचा च्याचा टाईम. झोपमोड नाय होत."

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. सरळ फोन का करत नाही, असं विचारलं तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काही अडाण्यासारखं बोलले.

"बॉयलरवर फोन होता. तो कवा उचलायचा? कायतरी झालं तरच. आपन फोन केला की पोरगी पयलं इचारते, 'काय झालं?' काय झालं नाय, तर मग फोन कशाला करायचा?"

माझाही फोन वाजतो तो कोणाचं तरी काहीतरी बिघडलं म्हणूनच. दुकानाचं शटर ओढून घरी गेले की दुसऱ्या दिवशी शटर उघडेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. हे मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतेय. मुलीला मी कळवलं, "धूळ होती, साफ केली. पण मशीन जुनं आहे, तापणारच."

त्यानंतर ते दुकानात येऊन बसू लागले. येताना सातपाटीचे सुके बोंबील कागदात बांधून आणायचे आणि माझ्या हार्ड डिस्कच्या खणात ठेवायचे. गिऱ्हाइकं नाक मुरडायची. एकदा मी त्यांना समजावून सांगितलं की, हा सेन्सर किती तापलंय ते सांगतच नाही, मर्यादेला किती अंश बाकी आहेत तेवढंच सांगतो. वजाबाकी ड्रायव्हर करतो.

"म्हंजी अजून किती सोसंल, ते सांगतो?"

"हो."

"आनि इचारलं नाय तर?"

"तर नाही सांगत."

"शाना हाय," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. "ताई, बाबांचं मशीन दोन दिवस अगदी नॉर्मल आहे. जरा जाऊन बघाल का?"

रिक्षात बसल्यावर मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. मशीन काही काम करत नसताना दुपारच्या वेळीच कसं तापतं, हे तिला का समजणार नव्हतं? ती रोज चहाचा कप घेऊन घंटेची वाट बघत बसायची.

शेजारच्या खोलीतला कामगार बाहेरच उभा होता. "दीदी, अंकल दरवाज़ा नहीं खोल रहे." त्यानंच खांदा लावून कडी तोडली. काका कॉम्प्युटरसमोर खुर्चीत होते, पंचा खांद्यावर. मी पडद्यावर टिचकी मारली. आकडा हलला नाही.

मुलगी आली, काकांचे दिवस करून परत गेली. जाताना तो कॉम्प्युटर माझ्या दुकानात ठेवून गेली, वर धुऊन घडी केलेला पंचा. "ताई, हे चालू ठेवाल? का, ते मला नाही सांगता येणार." मी विचारलंही नाही.

महिने गेले. तिचा फोन आला नाही. मशीन थंड होतं, ती कशाला करेल? मीही केला नाही. काय झालं म्हणून करणार होते? परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं आणि मला त्यांची फार आठवण आली. मी पंचा उलगडला, पेटीवर टाकला, मागनं पण गुंडाळला. आकडा चढत गेला. चहा केला, तो पिऊन होईपर्यंत फोन वाजला.

"ताई, काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला नाही.