खंडेनवमीला पुजलेला रेग्युलेटर

मला पोहता येत नाही. आजही नाही. पण पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र उघडून, धुऊन, पुन्हा जसंच्या तसं जोडायला सांगा, डोळे मिटून जोडीन.

माझे यजमान मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम करायचे. ऐंशी सालानंतर ते काम सोडून आम्ही जळगावला परतलो. तेव्हा विहिरीविहिरीवर मोटारी बसत होत्या आणि त्यातल्या कितीतरी तळाला जाऊन बसत होत्या. गावातले पट्टीचे पोहणारे बुडी मारायचे आणि मिनिटभरात वर यायचे. हे मात्र पाठीवर सिलिंडर बांधून अर्धा अर्धा तास खाली बसून नट फिरवत. रावेरपासून अमळनेरपर्यंत त्यांना बोलावणं यायचं.

सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत बेताबेतानं आणणारा तो रेग्युलेटर. आम्ही तो मुंबईच्या भंगार बाजारातून जुनाच घेतला. मी साडी घ्यायला म्हणून सोबत गेले आणि दिवसभर खोक्यावर बसून राहिले. एक रेग्युलेटर लग्नातल्या घंगाळासारखा चकचकीत होता. मी म्हटलं, हाच घ्या. यांनी त्याला हातही लावला नाही. मुलामा उडालेले, एकाच घडणीचे दोन घेतले. एक वापरायला, दुसरा त्याला सुटे भाग पुरवायला.

"हा बिघडला तर जास्त हवा सोडेल, पण अडवून धरणार नाही," ते म्हणाले. "निवडायचं ते असंच निवडावं."

"मग मला कसं निवडलंत?"

"तुला आईनं निवडलं."

देखभाल माझ्याकडे आली ती त्यांच्या जाड बोटांमुळे. आतल्या बारीक रबरी कड्या त्यांच्या हातून सुटायच्या आणि मग आम्ही दोघं फरशीवर रांगायचो. आमच्याकडचं विहिरीचं पाणी जड. पितळेवर क्षारांचा पांढरा थर धरायचा. मी देवाची भांडी घासते तसं सरळ चिंचेच्या पाण्यात टाकलं. "गोदीत यासाठी व्हिनेगर वापरतात," असं ते जरा फुशारकीनं म्हणाले. पितळ उजळलेलं पाहिल्यावर स्वतःच चिंच आणून देऊ लागले. नंतर गोड्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं, रबर नखानं दाबून चीर पडली का बघायचं. घरातल्या तेलाचा थेंबही लावायचा नाही.

आणि शेवटी ओढून बघायचं. सिलिंडर बंद ठेवायचा, रबरी तोंड दातात धरायचं आणि श्वास ओढायचा. काहीच आलं नाही पाहिजे. हवा आली तर कुठंतरी फट आहे, आणि त्याच फटीतून पाणी येणार. हे आधी ते स्वतः करायचे. पुढं मी करू लागले, तेव्हा त्यांनी सोडून दिलं. निघताना एवढंच विचारायचे, "केलं ना?" मी म्हणायची, "केलं."

एका वर्षी खंडेनवमीला धुळ्याहून सासूबाई आल्या होत्या. मी पाटावर नट फिरवायचे पाने, दोरखंड, गळ मांडले. रेग्युलेटर तेवढा बाजूला ठेवला, तर त्या म्हणाल्या, "बठ्ठा अवजारे शेतस, मंग हाई काबर नही?" सगळी अवजारं पुजायची तर हेच का नको, हे मलाही पटलं. आमचं घर तर त्याच्यावरच चाललं होतं. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, भरभरून अक्षता टाकल्या. इतकं मन लावून मी देवाचीही पूजा कधी केली नसेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अमळनेरपलीकडच्या एका गावाहून निरोप आला. मोटार विहिरीत गेली, शेतातली उभी मिरची वाळते आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी रेग्युलेटर वरून ओल्या फडक्यानं पुसला आणि पिशवीत टाकला. ओढून बघितलं नाही.

"केलं ना?"

"केलं," मी म्हटलं.

त्या गावात माझी मावशी राहायची, म्हणून मीही सोबत गेले आणि विहिरीच्या काठावर उभी राहिले. हे खाली गेले. बुडबुडे दिसले. मग पाणी एकदम ढवळलं आणि हे वर आले, दोराला लोंबकळत, खोकून खोकून जांभळे झालेले. माणसांनी ओढून काढलं. विहिरीचे मालक, म्हातारे आबा, घाबरून म्हणाले, "भाऊ, काय व्हयनं?"

"खाले बहू गाळ शे," हे म्हणाले. "जरासा दम खाऊ द्या."

सगळ्यांकडे पाठ करून ते निंबाखाली बसले आणि रेग्युलेटर उघडला. सोडलेला श्वास बाहेर जायच्या वाटेवर एक पातळ रबरी पाकळी असते. एरवी ती मिटून पाणी अडवते. तिच्याखाली कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन फक्त मला दाखवला.

"मी ओढून बघितलंच नव्हतं हो. खोटं बोलले तुमच्याशी."

"पहिल्या घोटालाच कळलं," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. रेग्युलेटर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "लाव."

"नाही. मी पुन्हा याला हात लावणार नाही."

"मग मी उतरत नाही. आबांना तू सांग."

काठावर वीसेक पुरुष ताटकळत उभे होते. मी पाकळी धुतली, बसवली, झाकण आवळलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या सगळ्यांसमोर ते रबरी तोंड दातात धरून जिवाच्या आकांतानं ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

"अक्का, तू काय करी ऱ्हायनी?" आबांनी विचारलं.

माझं तोंड भरलेलं. माझ्या तोंडातून यांनी ते हलकेच काढून घेतलं, आणि चारचौघांत, न पुसता, तसंच आपल्या तोंडात धरून विहिरीत उतरले.